खवला

आईच्या डाव्या डोळ्यात जे गेलं
ते चिलापीचंच होतं.
एकतीस वर्षं, बुदायच्या बाजारात, पहाटे चारला,
शेपटीकडून डोक्याकडे सुरी ओढायची,
खवले उडायचे केसांत, बाहीत, चहाच्या पेल्यात,
एक दिवस एक डोळ्यात.
तिने पाण्याचा हबका मारला
आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

आठवड्याने डोळा चिघळला. दोन महिन्यांत पांढरा झाला,
वाफवलेल्या माशाचा होतो तसा.
ही उपमा तिचीच. मी एवढी निर्दय नाही.

उजव्यावर भागत होतं.
फक्त जगाची खोली गेली:
सुरी कुठे संपते आणि अंगठा कुठे सुरू होतो
हे अंगठ्यानेच शिकायचं.
पेला धरायला हात जायचा
पेल्याच्या अलीकडे.

यादीत नाव होतं, चारशे बारावं.
कुणीतरी जावं, मग त्याच्या डोळ्याचा पडदा हिला मिळावा.
वर्षभराने नाव तीनशे नव्वदावर आलं.
आई म्हणाली, दुसऱ्याच्या मरणावर डोळा ठेवून बसायचं
मला नाही जमत, आमेई. काढ ते नाव.

ताइनानच्या डॉक्टर श्यूंनी टेबलावर एक डबी ठेवली.
आत मीठपाणी. पाण्यात काहीच नव्हतं.
नीट बघा, म्हणाले.
मी डबी तिरकी केली
तेव्हा उजेडाला एक कड आली.

खवला आहे, म्हणाले, चिलापीचा.
पेशी न् पेशी धुऊन काढली,
आम्लात ठेवून चुना उतरवला,
मागे राहिलं ते नुसतं विणकाम,
कोलॅजेनचा एक थर उभा, एक आडवा,
बुबुळावर असतं जवळजवळ तसंच.
हवा आरपार जाते. शरीर सहसा परकं मानत नाही.

"सहसा", आईने तेवढाच शब्द उचलला
आणि वजनकाट्यावर ठेवल्यासारखा
बराच वेळ धरून बसली.
मग विचारलं, चिलापीच का?
त्यापेक्षा महाग मासे आहेत.
डॉक्टर हसले. म्हणाले, काकू,
कसल्याही पाण्यात तग धरतो, म्हणून.
आणि याचे किती घेणार?
चाचणी आहे, काही नाही.
परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली,
आपण रोज दोन बादल्या गटारात ओततो.

माझूच्या देवळात तिने लाकडी चंद्रकोरी टाकल्या.
आई, तू समुद्रावरच्यांची. माशाचं डोळ्यात घेऊ का?
दोन्ही उताण्या पडल्या: देवी हसली.
पुन्हा टाकल्या. पुन्हा हसली.
तिसऱ्यांदा एक उताणी, एक पालथी.
हो म्हणाली, पण हसून हसून,
असं आई अजून सगळ्यांना सांगते.

सोळा टाके. केसाहून बारीक धागा.
पट्टी निघाली तेव्हा मी समोर उभी होते,
तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.
टेबलावर पेला होता.
तिने हात नेला, आणि हात
पेल्यावरच जाऊन थांबला.
पाणी प्यायली नाही. परत ठेवला. परत उचलला.

दिसतं तेलकट कागदातून दिसावं तसं.
मिठागरांचे ढीग दिसतात, दर पाटीवरचे आकडे नाही.
टिकेल किती, डॉक्टरही सांगत नाहीत.
डोळ्याला जपायचं म्हणून
नातवाचा गुलाबी पोहण्याचा चष्मा लावून
ती पुन्हा पाटावर बसते. गिऱ्हाइकं हसतात.
सुरी तीच, चालही तीच, शेपटीकडून डोक्याकडे.

माशाला पापणी नसते.
कापतानाही तो बघत असतो.
एकतीस वर्षांत जे मी पाहिलं नव्हतं
ते हल्ली रोज पाहते:
सुरी उचलण्याआधी आई
ओल्या फडक्याने त्याचं डोकं झाकते.

विचारलं तर म्हणते,
नाहीतर वळवळतो मेला, दुसरं काय.